रात्री इलेक्ट्रिक गिटारचा सराव: ॲम्प लावून करावा की न लावता?

निशाचर६

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं ॲकॉस्टिकवर कॉर्ड वाजवून गाणी म्हणत होतो. आता इलेक्ट्रिक घेतली आहे. सॉलिड बॉडी, दोन हंबकर (दुहेरी गुंडाळीचे पिकअप), सोबत २० वॅटचा साधा ट्रान्झिस्टर कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. त्याचा स्पीकर ८ इंची आहे आणि मागे हेडफोन लावायची सोय आहे.

अडचण वेळेची आहे. मला गिटार हातात घेता येते ती रात्री सगळं आवरल्यावर. शेजारच्या खोलीत माझी वर्षाची मुलगी झोपलेली असते. त्यामुळे बहुतेक वेळा केबल न लावताच वाजवतो. मेट्रोनोम हळू लावतो आणि पेंटॅटॉनिकचे (पाच सुरांच्या स्केलचे) पाचही आकार, पॉवर कॉर्ड, थोडे बेंड (तार ओढून सूर चढवणं) असं चालतं. खोली शांत असल्यामुळे तारांचा आवाज पुरेसा ऐकू येतो आणि हात चांगला चाललाय असं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ॲम्प लावला की मात्र सगळंच बिघडतं. न वाजवलेल्या तारा गुंजत राहतात, एका तारेवरून दुसरीवर जाताना खरखर येते, बेंड केलेला सूर कधी खाली राहतो तर कधी वर जातो. गेन (ॲम्प गिटारचा सिग्नल किती वाढवतो ते) थोडा जरी वाढवला तरी नुसता गोंगाट होतो. ज्या गोष्टी रात्री नीट जमतात त्याच दुपारी जमत नाहीत.

माझे शिक्षक म्हणतात, इलेक्ट्रिक कधीच ॲम्पशिवाय वाजवू नकोस. ऑफिसातला एक जुना वाजवणारा म्हणतो, बिनॲम्पचं वाजव, बोटांत ताकद येते. ॲम्पला हेडफोन लावून पाहिला, पण डिस्टॉर्शनवर (गेन वाढवून मुद्दाम फाटका केलेला आवाज) कानात मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि थोड्याच वेळात कान थकतात. शिवाय दोन्ही कान बंद केले तर मुलगी उठलेली कळणार नाही, ही भीती वेगळीच.

माझ्या बिनॲम्पच्या सरावाने हात बिघडतोय का? आणि रात्री नेमकं काय करावं?

सातवा_फ्रेट

निशाचर, मी गिटार शिकवते आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात बिघडत नाहीये. पण तुम्ही रात्री जे वाद्य वाजवता आणि दुपारी जे वाजवता ती दोन वेगळी वाद्यं आहेत. इलेक्ट्रिक गिटार तारेपाशी संपत नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की त्या वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते आणि ॲम्प ती वाढवतो. गेन वाढवला की तो वाजवलेला सूर तर वाढवतोच, पण बोट तारेला नुसतं घासलं, शेजारची तार सहज थरथरली, तेही तितक्याच इमानाने वाढवतो. तेव्हा इलेक्ट्रिक वाजवणं म्हणजे निम्मं काम सूर काढायचं आणि निम्मं काम बाकीच्या तारा गप्प ठेवायचं. हे दुसरं काम तुम्ही रात्री करत नाही, कारण ते चुकलेलं तुम्हाला ऐकूच येत नाही. सॉलिड बॉडीचं भरीव लाकूड तारेच्या कंपनांना फारसं हवेत जाऊ देत नाही. गुंजणाऱ्या तारांचा आवाज त्या खोलीत असतो, पण कानापर्यंत पोचत नाही.

आता उजव्या हाताकडे पाहा. आवाज कमी आला की कान जास्त मागतो आणि हात नकळत जोरात पडतो. रात्रभर असं वाजवलं की तोच जोर अंगवळणी पडतो. जोरात छेडलेली तार सुरुवातीच्या क्षणी ताणली जाऊन किंचित चढी वाजते आणि पिकचा खट् असा आवाज पुढे येतो. डाव्या हाताचंही तेच. फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) उंच असतील तर जास्त दाबलेली तार फ्रेटच्या मागे खाली वाकते आणि सूर चढतो. ‘बोटांत ताकद येते’ हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. इलेक्ट्रिकला ताकद लागते ती फार कमी, आणि नेमकी किती लागते हे शोधणं हाच खरा सराव आहे. एक करून पाहा: तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवा, उजव्या हाताने तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. आधी मेलेला ठोका, मग खरखर, मग स्वच्छ सूर. स्वच्छ सूर आला तिथेच थांबा. बहुतेकांना आश्चर्य वाटतं की एवढ्याशा दाबावर काम भागतं.

बेंडचं कारण आणखी साधं आहे. ॲम्पशिवाय सूर लवकर विरतो. तुम्ही तार ओढून वर पोचेपर्यंत तो इतका क्षीण झालेला असतो की बरोबर जागी पोचलात की नाही हे कानाला ठरवता येत नाही. मग हात अंदाजाने थांबायला शिकतो. म्हणून बेंड आणि व्हायब्रेटो (सूर किंचित वर-खाली हलवणं) बिनॲम्पचे करू नका, एवढंच मी ठामपणे सांगेन. ॲम्प क्लीनवर, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय ठेवा, आवाज अगदी बारीक चालेल. दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट वाजवा, तो सूर कानात धरा. मग तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरून पूर्ण स्वराचा बेंड करा आणि त्याच सुराला नेऊन मिळवा. मग दोन्ही तारा एकत्र वाजवा. फरक असेल तर दोन सुरांमध्ये लहर ऐकू येते. सूर जवळ येतील तशी ती लहर मंद होत जाते आणि जुळले की थांबते. यात कोणी तुम्हाला सांगायची गरज नाही, कानच सांगतो.

तरीही मी माझ्या विद्यार्थ्यांना बिनॲम्पचं वाजवायला लावते, तेही मुद्दाम. हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ, म्हणजे पिक न मारता डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा ओढून काढलेले सूर. डिस्टॉर्शन सगळे सूर एका पातळीवर आणतं, त्यामुळे करंगळीचा दुबळा हॅमर-ऑनसुद्धा ॲम्पवर ठीक वाटतो. केबल काढली की लगेच उघडा पडतो. तसंच दोन्ही हातांचा मेळ. पिक आणि बोट एकाच क्षणी पडतंय का, हे कोरड्या आवाजात फार स्पष्ट कळतं. फ्रेटबोर्डवरच्या जागा पाठ करणं, कॉर्ड बदलणं, पिकची वर-खाली चाल, यांपैकी कशालाही वीज लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: बिनॲम्पची गिटार वाजवताना फ्रेटची खरखर जास्त ऐकू येते. त्यातली बरीचशी पिकअपमध्ये जातच नाही. तेवढ्यावरून तारा वर उचलून घेऊ नका.

तारा गप्प ठेवण्याबद्दल. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) पुढे जाड तारांवर टेकलेली असावी आणि वाजणाऱ्या तारेबरोबर ती सरकत राहावी. डाव्या तर्जनीचं टोक वाजणाऱ्या तारेच्या शेजारच्या जाड तारेला हलकं शिवलेलं असावं. आणि त्याच तर्जनीचा पोटाकडचा भाग पुढच्या बारीक तारांवर सैल पडलेला असावा. म्हणजे जाड तारांवर दोन पहारे आणि बारीक तारांवर एक. हा सराव उलटा करायचा असतो: गेन भरपूर, आवाज कमी, आणि एक सूर वाजवून लगेच पूर्ण शांतता. पुढचा सूर, पुन्हा शांतता. त्या शांततेत काहीही उरलं तर कुठली तार उरली ते शोधा. मेट्रोनोम साठवर ठेवलात तरी सुरुवातीला वेग जास्त वाटेल. रोज थोडंसं पुरे, पण हे सोडून बाकी काहीही केलंत तरी तुमची दुपारची तक्रार जाणार नाही.

हेडफोनबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारे इथे आहेत, ते सांगतील.

केबल_ते_कान

सातवा_फ्रेट यांनी सगळं वाजवण्याचं सांगितलं आहे, मी त्या मधमाश्यांचं सांगतो.

गिटार ॲम्पचा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधून जी तीक्ष्ण किरकिर तयार होते ती स्पीकरच अडवतो, आणि उरतो तो आपल्या ओळखीचा भरीव आवाज. हेडफोन मात्र ती किरकिर पूर्ण ऐकवतो. म्हणून हेडफोनच्या आधी स्पीकरची नक्कल करणारं काहीतरी लागतं, त्याला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात. तुमच्या ॲम्पच्या हेडफोन जॅकवर ते बहुधा नाही. तूर्तास उपाय म्हणजे हेडफोनवर वाजवताना ट्रेबल बराच खाली, गेन निम्म्यावर आणि गिटारचा टोन नॉब थोडा मागे. तेवढ्यानेही कान कमी थकतात.

पुढचे पर्याय तीन. गिटारच्या जॅकमध्ये थेट बसणारा छोटा हेडफोन ॲम्प. मॉडेलिंग करणारा, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा छोटा ॲम्प, ज्यात हेडफोनसाठी सिम्युलेशन आधीच असतं. किंवा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) आणि कॉम्प्युटर. ही कल्पना नवी नाही, टॉम शोल्झ या गिटारवादक इंजिनिअरने १९८२ मध्येच रॉकमन नावाचा कमरेला अडकवायचा हेडफोन ॲम्प बाजारात आणला होता.

इंटरफेस घेतलात तर गिटार ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेल्या इनपुटमध्येच लावा. पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमचा इनपुट हवा असतो, साध्या लाइन इनपुटमध्ये आवाज बोदा आणि मरगळलेला येतो. हेडफोन थेट गिटारमध्ये लावून काही ऐकू येत नाही त्याचंही कारण हेच, ३२ ओहमचा हेडफोन हलवण्याइतकी शक्ती पिकअपमध्ये नसते. कॉम्प्युटरवर बफर (आवाजाचा किती तुकडा साठवून मग पुढे पाठवायचा ते) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला त्याचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. येण्याजाण्याचा मिळून एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर हाताला जाणवत नाही. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्यासारखंच आहे.

मुलीसाठी: मागून उघडे असलेले, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज त्यातून आत येतो. तुमचा आवाजही थोडा बाहेर जाईल, पण केबल न लावलेल्या गिटारइतकाच.

आणि पुढेमागे ट्यूब ॲम्प घेतलात तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. शांतता हवी म्हणून त्याचा स्पीकर काढून वाजवायला जाऊ नका. स्पीकर किंवा योग्य लोड जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प जोरात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

लाकूडकान

मी थोडं वेगळं मत मांडतो. बिनॲम्पच्या सरावाला इथे जरा दुय्यम स्थान मिळतंय असं वाटलं.

माझा निम्म्याहून जास्त रियाज आजही केबलशिवाय होतो आणि त्याचं कारण म्हणजे मी गिटार लगेच उचलतो. ॲम्प, केबल, हेडफोन जोडायचे म्हटलं की अर्धी इच्छा तिथेच जाते. भिंतीवर टांगलेली गिटार काढून दहा मिनिटं वाजवणं हे रोज होतं. नव्या माणसासाठी रोज होणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आवाज कमी पडतो यावरही उपाय आहे. गिटारच्या शेंड्याचं टोक, म्हणजे हेडस्टॉक, लाकडी कपाटाला किंवा दाराला हलकं टेकवा. कपाटाची फळी तारेबरोबर थरथरू लागते आणि आवाज लक्षात येण्याइतका वाढतो. रंग खरवडू नये म्हणून मध्ये पातळ कापड ठेवा, जाड नको. असं टेकवलं की उजव्या हाताला जोर लावायची गरज उरत नाही. गिटारच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवली तरी हाडातून बराच सूर ऐकू येतो.

दुसरं, फोन तारांजवळ ठेवून रेकॉर्ड करा. वाजवताना न ऐकू येणाऱ्या गुंजणाऱ्या तारा फोनचा माइक जवळ असल्यामुळे बऱ्यापैकी पकडतो. सातवा_फ्रेट यांचं बेंडबद्दलचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे.

सातवा_फ्रेट

@लाकूडकान, कपाटाची युक्ती छान आहे, विद्यार्थ्यांना सांगेन. रोज उचलण्याबद्दलही दुमत नाही. माझा आग्रह एवढाच की त्या दहा मिनिटांत काय वाजवायचं ते निवडावं. तारा गप्प ठेवायचा सराव फोनच्या रेकॉर्डिंगवर नंतर ऐकून होत नाही. चूक घडते त्याच क्षणी कानावर आदळली तरच बोट सुधारतं.

श्रवणयंत्र

कामानिमित्त रोज लोकांची श्रवणचाचणी घेते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने.

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरतात तो हिशेब गिटारलाही लागू पडतो. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. गिटारचे १२ इंची स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबलपर्यंत सहज जातात. तुमचा ८ इंची थोडा कमी देईल, पण तुम्ही लहान खोलीत त्याच्याजवळच बसलेले असता. आवाज दुप्पट भासायला १० पट वॅट लागतात, म्हणजे २० वॅटचा ॲम्प १ वॅटच्या मानाने जेमतेम दुपटीहून थोडा मोठा. ‘माझा ॲम्प छोटा आहे’ या समजावर कोणी विसंबू नये.

हेडफोनवर धोका जास्त, कारण तिथे आवाज वाढवलेला घरात कोणालाच कळत नाही आणि टोकणारं कोणी नसतं. नॉब कुठे ठेवायचा ते सराव सुरू करताना, कान ताजे असताना ठरवा आणि नंतर हलवू नका. कान थकले की आवाज कमी भासतो आणि हात नॉबकडे जातो. वाजवून झाल्यावर कानात शीळ येत असेल किंवा आवाज दबल्यासारखे वाटत असतील तर त्या दिवशीचा आवाज जास्त होता. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी मरतात त्या माणसात पुन्हा येत नाहीत. तरुण वाजवणाऱ्यांच्या श्रवणचाचणीचे तक्ते पाहते तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून लिहिलं.

निशाचर६

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सातवा_फ्रेट यांनी सांगितलेला दाबाचा प्रयोग केला. किती जास्त दाबत होतो ते लगेच कळलं. हेडस्टॉक कपाटाला टेकवूनही पाहिला, मुलगी उठली नाही.

दोन शंका उरल्या. घरात ब्लूटूथ हेडफोन आहेत, ते चालतील का? आणि दुपारी ॲम्प लावतो तेव्हा आवाज कमी ठेवला की तो पातळ आणि बिनबुडाचा लागतो, मग मी बास वाढवत जातो. खाली राहणाऱ्यांना त्याचा त्रास होत असावा.

केबल_ते_कान

ब्लूटूथ नको. त्यात आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा येतो. पिक आधी पडते आणि सूर मागून येतो, त्यावर ताल धरताच येत नाही. वायरचेच घ्या. गिटार ॲम्पचं भोक बहुधा ६.३५ मिलिमीटरचं आणि हेडफोनची पिन ३.५ ची असते, मध्ये स्टिरिओ ॲडॅप्टर लावा.

बासचं म्हणाल तर तो ॲम्पचा दोष नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्यांपेक्षा कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. पण बास वाढवू नका, खालच्या मजल्यावर जमिनीतून पोचतो तो नेमका तोच. ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, खाली जाड फोम घाला, आणि स्पीकरचं तोंड तुमच्या कानाकडे करा. जमिनीवरचा ॲम्प गुडघ्यांना ऐकवत असतो आणि वरचे सूर स्पीकरच्या सरळ रेषेतच जास्त जातात, म्हणून आपण नॉब वाढवतो. कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवलात तर बऱ्याच कमी आवाजात काम भागेल.

सातवा_फ्रेट

आणि कानाजवळ आणल्यावर गेनही आपोआप कमी करावासा वाटेल, तो करा. तारा गप्प ठेवायचा सराव तेवढा भरपूर गेनवर, बाकी सगळं कमी गेनवर. दुपारी वेळ मिळेल तेव्हा आधी बेंड घ्या, पाच-दहा मिनिटं, मग गाणी. महिनाभराने तोच तुकडा ॲम्पवर रेकॉर्ड करून इथे टाका, ऐकायला आवडेल.